दोघांची खोली, वरून एक गादी

माझं कारंज्यात भांड्यांचं दुकान आहे. हे आधी सांगते, कारण पुढे जो घोळ झाला तो माझ्या धंद्याच्या सवयीनं झाला आणि त्याचा दोष मी दुसऱ्या कुणावर ढकलत नाही. भांड्यांच्या धंद्यात भाव ठरला म्हणजे सौदा संपला, असं नसतं. गिऱ्हाईक पैसे काढायच्या आधी हमखास विचारतं, "वरून काय देता?" मग आपण एखादा चमचा, एखादी वाटी, मोठी खरेदी असली तर एखादी ताटली पिशवीत टाकायची. ती वरची वाटी मिळाल्याशिवाय बाईमाणूस दुकानाची पायरी उतरत नाही. मी माल भरायला जाते तेव्हा मीही उतरत नाही. अमरावतीचा ठोक व्यापारी मला लांबून येताना पाहिलं की गड्याला म्हणतो, "चहा सांग, आज वेळ लागन." त्याचा मला राग येत नाही. बाकी बऱ्याच गोष्टींचा येतो.

दुकान मी उभं केलं. लग्नात आहेर म्हणून सारखेच सात डबे आले होते. एक ठेवला आणि सहा ओसरीत मांडून विकले. त्यांच्यावर आमची दोघांची नावं कोरलेली होती, ती घासून घासून काढली तरी पुसट दिसायची. एका बाईनं विचारलं, हे नाव कुणाचं? मी म्हटलं, कारखान्याचं. तिथून सुरुवात झाली. आज दुकानात दोन माणसं कामाला आहेत आणि लग्नसराईत नाव कोरायचं मशीन दिवसभर बंद होत नाही.

नवरा एसटीत कंडक्टर आहे. शांत माणूस. गाडी भरली असली तरी फाट्यावर कुणी हात केला की दोरी ओढतो आणि आतल्यांना म्हणतो, "सरका हो जरा, एकच हाय." नेहमी एकच असतो आणि नेहमी तिघं चढतात. आई लहानपणीच गेली म्हणून त्याला त्याच्या मोठ्या बहिणीनं वाढवलं. ती बारा वर्षांनी मोठी. सगळे तिला बाई म्हणतात, मीही म्हणते. तिचं सासर कारंज्यातच, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. बाई जे म्हणेल त्याला नवरा "बरं" म्हणतो. हा शब्द मी इतक्या वेळा ऐकला आहे की दुसऱ्या कुणी म्हटला तरी माझं डोकं फिरतं.

आमचं लग्न झालं त्याच्या पंधरा दिवसांनी आम्ही नागपूरला जाणार होतो. दोघं, दोन दिवस. मी कधी नागपूर पाहिलं नव्हतं. ते बाईनंही पाहिलं नव्हतं. ती तिची दोन लेकरं घेऊन सोबत निघाली आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. लॉजवर एकच खोली घेतलेली. बाईनं खोली पाहिली, पलंग दाबून पाहिला आणि भावाला म्हणाली, "मी अन् नवरी लेकरं घेऊन इथं निजतो. तू मावसभावाकडं जाय." तो म्हणाला, "बरं." पिशवी उचलली आणि गेला. मी दोन दिवस बाईच्या धाकट्याच्या लाथा खात झोपले आणि महाराजबागेत पाच जणांच्या रांगेत वाघ पाहिला.

माझा राग चटकन येतो आणि चटकन उतरतो, असं लोक म्हणतात. हा उतरला नाही. तेवीस वर्षं झाली.

त्यानंतर आम्ही कुठे गेलो नाही असं नाही. चिखलदऱ्याला सात जण गेलो, माहूरला अकरा. आमच्याकडे गाडी ठरली की तिच्यात रिकामी सीट ठेवणं पाप समजतात. गाडी जाऊनच राहिली आहे, मग अमकीला घ्या, तमकीच्या सासूला घ्या. नाही म्हणणारा माणूस गावभर वाईट होतो. आम्ही दोघं मिळून, तिसरं कुणी नसताना, बाहेर जेवलो ते तेवीस वर्षांत एकदाच. मुलीचं ऑपरेशन झालं तेव्हा अकोल्याच्या दवाखान्याच्या कँटीनमध्ये. वरणात मीठ नव्हतं. तरी मला ते जेवण आठवतं.

गेल्या दिवाळीनंतर दुकानात एक लग्न ठरलेली पोरगी आईसोबत आली. स्टीलचा पूर्ण सेट घेतला, नावं कोरायला दिली. मशीन चालू होतं तोवर ती मला मोबाईलवर काही दाखवत बसली. नागपूरच्या एका हॉटेलची जाहिरात. हिवाळ्यातले दोन दिवस, खास जोडप्यांसाठी. पलंगावर फुलं, केक, मेणबत्त्यांच्या उजेडात जेवण.

"काकू, लग्न झालं का आमी इथंच जाऊन राह्यलो," ती म्हणाली.

"दोघंच?" मी विचारलं.

"मंग अजून कोन?" ती हसली. तिची आईसुद्धा हसली. त्या घरात हा प्रश्नच कुणाला पडला नव्हता.

मी तिला ती जाहिरात माझ्या फोनवर पाठवायला सांगितली. कोरण्याचे पैसे घेतले नाहीत.

घरी आल्यावर नवऱ्याला म्हटलं, "जानेवारीत तीन दिवस सुटी टाका. नागपूरले जाचं हाय."

"कोनाचं लगन हाय?"

"कोनाचंच नाही."

तो घाबरला. "मंग दवाखाना?"

"दवाखाना नाही, कोर्ट नाही, माल भराचा नाही. दोघायनं जाचं. हाटेलात राहाचं, हिंडाचं, खाचं."

त्यानं बराच विचार केला. "अन् मंग?"

"अन् मंग वापस याचं."

"बरं," तो म्हणाला. त्या दिवशी तेवढ्यापुरता तो शब्द मला चालला.

मी बेत आखला तो माल भरायला निघताना आखते तसा. डिसेंबर नको, कारण विधानसभेचं हिवाळी अधिवेशन असतं आणि नागपुरात खोलीचे भाव आकाशाला जातात. शिवाय रिकामी खोली असली तरी हॉटेलवाला तोऱ्यात असतो. अधिवेशन आटोपलं, नव्या वर्षाची गर्दी ओसरली आणि संक्रांत अजून यायची आहे, असा मधला एक आठवडा असतो. तेव्हा हॉटेलवाल्याचा आवाज नरम होतो. शुक्रवार ते रविवार धरले.

मग जायचं कसं? एसटीनं नाही, हे मी आधीच ठरवलं. एसटीत माझा नवरा प्रवासी म्हणून बसूच शकत नाही. कारंज्यापासून नागपूरपर्यंत प्रत्येक कंडक्टर ओळखीचा. हा उठून म्हातारीला जागा देणार, दारात उभा राहून त्याला तिकिटं फाडू लागणार आणि मी कुणा परक्या बाईच्या शेजारी बसून जाणार. भाड्याची गाडी तर मुळीच नाही. गाडीत मागे तीन सीट असतात. म्हणून रेल्वे. मूर्तिजापूरहून आरक्षण, दोन नावं, दोन सीट, तिथे सरकायची सोय नाही. मूर्तिजापूरपर्यंत आमच्या मोटारसायकलवर आणि ती स्टेशनवर ठेवायची. थंडीत कुडकुडावं लागणार होतं. कुडकुडू, म्हटलं.

तिकिटं काढली, सुटी मंजूर झाली, मग हॉटेलला फोन लावला. तिकडचा माणूस तरुण वाटत होता आणि गोड बोलत होता. गोड बोलणारा माणूस समोर असला की मी पदर खोचते.

"मॅडम, हे कपल पॅकेज आहे, यात सगळं इन्क्लूड राहते. फुलं, केक, कँडल लाइट डिनर."

"फुलं नको. कोमेजते. फुलायचे पैसे कमी कर."

"पॅकेजमधून कमी नाही होत ना मॅडम."

"मेणबत्त्याबी नको. आमच्याकडं लाईट गेली का रोजच लावतो."

तो हसला. हसला म्हणजे अर्धा नमला. मी केक काढून टाकला, मेणबत्त्या काढल्या, फुलं काढली. गोड खाल्लं की नवऱ्याची साखर वाढते, हेही सांगितलं. भाव पाव हिश्शानं खाली आला. पुढे तो हलेना. मॅनेजरला विचारून येतो म्हणाला, विचारून आला, तरी हलेना. मी दोनदा फोन ठेवते म्हणाले आणि ठेवला नाही. शेवटी त्याच्या आवाजात थकवा आला. ही वेळ मला ओळखता येते. या वेळी भाव मागायचा नसतो.

"ठीक हाय," मी म्हटलं. "अन् वरून काय देता?"

"वरून म्हणजे?"

"एवढं घेतलं तुमच्याकडून. वरून काहीतरी द्याच लागते."

तो बिचारा विचारात पडला. त्याच्याकडे वाटी नव्हती, चमचा नव्हता. म्हणाला, "मॅडम, एक्स्ट्रा बेड देऊ शकतो. फ्री. अन् तिसऱ्या माणसाचा नाश्ता."

"दे," मी म्हटलं.

आम्ही दोघं होतो. तिसरी गादी आम्हाला कशाला हवी होती, हा विचार त्या क्षणी माझ्या डोक्याला शिवलासुद्धा नाही. दुकानात येणाऱ्या बायका वरची वाटी घेतात ती घरी वाट्या नाहीत म्हणून थोडीच घेतात?

एवढंच करून गप्प बसले असते तरी निभावलं असतं. पण सौदा जिंकला की तो सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नवरा ड्यूटीवरून आला, मी चहा टाकला आणि सगळी फोनची लढाई त्याला नकलेसकट सांगितली. बाई समोर बसली होती. ती रोजच त्या वेळी येते. नागपूरचं आम्ही तिच्यापासून लपवलं नव्हतं. मालाचं काम आहे, असं मोघम ठेवलं होतं. बोलता बोलता ते मोघमही मीच उधळून टाकलं. तिसरी गादी फुकट, तिसरा नाश्ता फुकट, असं मोठ्या तोऱ्यात म्हणाले आणि म्हणता म्हणता माझी जीभ जड झाली. पण शब्द निघून गेले होते.

बाईनं कप खाली ठेवला. "मंग मीबी येतो," ती म्हणाली. "गादी रिकामीच पडन ना."

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं तोंड उघडलं. पुढचा शब्द मला ठाऊक होता आणि तोच आला.

बाई गेल्यावर मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. डब्याचं झाकण मी फेकलं नाही, ते हातातून सुटलं, असं मी शेजारणीला सांगितलं. नवरा ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "तूनंच त सांगतलं गादीचं."

ते खरं होतं, म्हणून मला अजून राग आला.

सकाळी दुकान उघडायच्या आधी मी हॉटेलला फोन केला. "ती गादी काढून टाका."

"कुठली मॅडम?"

"एक्स्ट्रा. अन् तिसरा नाश्ताबी काढा. अन् फुलं टाका."

त्याला वाटलं असणार, हा नवीन डाव आहे. "मॅडम, फुलं तर तुम्हीच काढायला लावली."

"आता टाकायले सांगून राह्यली ना."

"फुलांचे पैसे पडतील मॅडम."

"पडू दे."

"केक?"

"केक नको, त्यायले साखर हाय. मेणबत्त्या टाक."

मी आयुष्यात पहिल्यांदा समोरच्यानं सांगितलेला भाव तसाच मान्य केला. तो माणूस इतका गोंधळला की त्यानं स्वतःहूनच थोडे पैसे कमी केले. एरवी मी त्याची चार दिवस गोष्ट सांगत फिरले असते. त्या दिवशी कुणाला सांगितलं नाही.

संध्याकाळी बाई आली तेव्हा मी तिला सरळ सांगितलं, "बाई, ते गादीचं जमलं नाही. हाटेलवाला फिरला."

"जाऊ दे," ती म्हणाली. "मी घरून सतरंजी घेतो. खाली टाकतो. मले काय लागते? अन् रेल्वेचं तिकीट मी जनरलचं काढतो, तुमी बसा रिझर्वेशनमंधी."

माझ्याकडे उत्तरं होती, पण ती बाईला द्यायची नव्हती. त्या रात्री झोप लागली नाही आणि एक गोष्ट मला कळली. गादी काढून, गाडी टाळून, तिकिटं मोजून मी तेवीस वर्षं जागाच बंद करत आले होते. बाईला जागा लागत नव्हती. तिला भावाचा "बरं" पुरत होता. मी भांडून तिला थांबवली असती तरी ते माझं भांडण झालं असतं. नागपुरात नवरा खिडकीशी बसून बाईचा विचार करत राहिला असता आणि मी वाईट ठरून त्याच्या शेजारी बसले असते. तसलं नागपूर मला फुकटात नको होतं.

सकाळी मी नवऱ्याला म्हटलं, "मी बोलनार नाही. तुमी बोला. गुरुवारच्या संध्याकाळपर्यंत बोलले त आपन जाऊ. नाही बोलले त तिकिटं मी फाडतो, अन् मंग पुन्हा कधी म्हननार नाही."

"कधीच?"

"कधीच."

मी धमक्या पुष्कळ देते. ही धमकी नव्हती आणि ते त्याला समजलं. त्यानं मला विचारलं, काय सांगू? मी म्हटलं, हॉटेलचा नियम आहे म्हणा, खोली बारकी आहे म्हणा, मालाच्या कामात दिवस जाणार म्हणा. अशी तीन कारणं मी त्याला तयार करून दिली, दुकानात नव्या माणसाला भाव शिकवते तशी. त्यानं ती मान हलवत पाठ केली.

सोमवार गेला, मंगळवार गेला, बुधवारी त्याची मुक्कामाची ड्यूटी होती. मी विचारलं नाही. माझ्यासारख्या बाईला न विचारणं किती जड जातं हे फक्त मला माहीत. दुकानात त्या तीन दिवसांत दोन गिऱ्हाइकं माझ्याशी भांडून रिकाम्या हातानं गेली.

गुरुवारी संध्याकाळी तो ड्यूटीवरून आला, कपडे न बदलता म्हणाला, "चाल, बाईकडं जाऊ."

"मी कायले?"

"तू चाल."

बाईच्या घरी तिचे यजमान टीव्हीसमोर बसले होते. ते सदा तिथेच असतात; कुणी आलं तर हात वर करतात आणि पुन्हा टीव्ही पाहतात. बाई स्वयंपाकघरात होती. ओट्यावर दशम्यांची चवड, बाजूला लसणाची चटणी, एका डब्यात तिळाचे लाडू. खुर्चीवर घडी केलेली सतरंजी आणि तिच्यावर तिचा मरून रंगाचा स्वेटर. मी दाराशीच उभी राहिले.

"बस ना," ती भावाला म्हणाली. "दशम्या दुधात भिजवल्या हाय, तीन दिवस टिकते. बाहेरचं कायले खाचं."

"बाई," तो म्हणाला, "तू नको येऊ."

"काहून?"

"हाटेलात..." असं म्हणून तो थांबला. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. भिंतीवर एका खताच्या दुकानाचं कॅलेंडर होतं, ते पाहत राहिले. पहिलं कारण आता येईल, मग दुसरं, मग तिसरं, आणि बाई तिन्ही मोडून काढेल, हे मला दिसत होतं.

"हाटेलाचं काही नाही," तो म्हणाला. "खोलीत जागा हाय. पन मले हिच्यासंगं जाचं हाय. दोघायलेच."

बाईनं हातातली दशमी चवडीवर ठेवली. "दोघायलेच? आता?" ती म्हणाली. "लेक कॉलेजात शिकून राह्यली अन् तुमाले आता सुचलं?"

"होय. आता सुचलं."

"हिनंच शिकवलं असन."

"तिनं तीन गोष्टी शिकवल्या, त्या मी सांगतल्या नाही. हे माहं मी सांगून राह्यलो."

"मी जड झाली का तुले? कडेवर घेऊन हिंडली तुले मी." तिचा आवाज फाटला. तिनं पदर डोळ्याला लावला नाही, हात तसेच पिठाचे.

माझ्या तोंडाशी शब्द आले होते. येऊ द्या हो बाईला, असे. मी खरंच म्हणणार होते. ती सतरंजी आणि तो स्वेटर मला पाहवत नव्हता. तिच्या नवऱ्यानं तिला कारंज्याच्या बाहेर कुठे नेलं असेल तर मला आठवत नाही. पण माझा नवरा तिथे उभा होता, घामानं गळा भिजलेला, तेवीस वर्षांत पहिल्यांदा "बरं" न म्हणता. मी आत्ता हो म्हटलं असतं तर त्याचं बोलणं पाण्यात गेलं असतं. मी ओठ घट्ट मिटून घेतले.

"जड नाही झाली," तो म्हणाला. "तू म्हनशील तिथं मी तुले घेऊन जाईन. पुढच्या मयन्यात शेगावले जाऊ, तू अन् मी. पन हे नाही. नागपूरले नको येऊ."

बाईनं सगळ्या दशम्या फडक्यात बांधल्या, चटणीची वाटी झाकली, लाडवांचा डबा लावला आणि ते गाठोडं भावाच्या हातात न देता ओट्याच्या आमच्या बाजूला सरकवलं. "तिघायच्या हाय," ती म्हणाली. "खा."

तिचे यजमान टीव्हीवरून नजर काढून आमच्याकडे पाहत होते. आम्ही निघालो तेव्हा त्यांनी हात वर केला नाही.

घरी येऊन तो जेवला नाही. मी भाकरी वाढली आणि पुन्हा झाकून ठेवली. एक मन म्हणत होतं, उद्याचं राहू दे. त्या मनाला मी गप्प केलं. जे एवढ्या महाग पडलं ते न घेता परत जाणारी बाई मी नाही.

सकाळी निघालो. थंडी इतकी होती की मोटारसायकलवर माझे गुडघे बधिर झाले. दोन स्वेटर, वरून शाल, त्याच्या कानाला मफलर. वाटेत तुरीची कापणी चालू होती. बायका शेकोटीशी हात धरून उभ्या होत्या आणि एकीनं आमच्याकडे पाहून दुसरीला काही सांगितलं. सांगू दे, म्हटलं. मूर्तिजापूरच्या फलाटावर तो म्हणाला, "बाई काल जेवली नसन."

"नसन," मी म्हटलं. "सोमवारी जा तिच्याकडं. आज नका जाऊ."

शुक्रवारचा दिवस वाईट गेला, हे कबूल करते. हॉटेलच्या त्या तरुण माणसानं मला पाहून हात जोडले आणि खोलीत खरंच फुलं टाकली होती, पलंगभर, झेंडू आणि गुलाब. नवरा त्या फुलांना धक्का न लावता खुर्चीवर बसून राहिला. मी ठरवलेल्या सगळ्या जागा कागदावर वेळेसकट लिहून नेल्या होत्या. त्या क्रमानं आम्ही त्या पाहिल्या. त्यानं काही बोलावं म्हणून मी बर्डीच्या बाजारात एका स्वेटरवाल्याशी मुद्दाम भांडले, तरी तो बोलला नाही. मेणबत्त्यांच्या उजेडात जेवायला बसलो तेव्हा त्याला ताटातलं नीट दिसेना. त्यानं वेटरला विचारलं, "लाईट केव्हा येते?" आणि माझं हसू फुटलं. पाण्याचा घोट नाकात गेला. तोही हसला. वेटर मेणबत्ती हातात धरून उभा.

शनिवारी मी तो कागद पर्समधून काढलाच नाही. आम्ही तर्री पोहे खाल्ले, तलावाच्या कठड्यावर दुपारभर ऊन खात बसलो आणि बाईच्या दशम्या चटणीसोबत तिथेच संपवल्या. तिघांच्या होत्या, पण दोघांनी खाल्ल्या. तो बोलत होता. कंडक्टरकीच्या पहिल्या वर्षी केनवडच्या बाजाराच्या गाडीत एका बाईनं कोंबडी पिशवीत लपवली आणि तिकीट फाडताना त्या कोंबडीनं याच्या बोटाला चोच मारली, ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली. एका घरात तेवीस वर्षं राहून पहिल्यांदा. आमच्या घरी त्याचं बोलणं पुरं होण्याआधी नेहमी कुणीतरी दारात येतं.

बाई अजून माझ्याशी बोलत नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आली, वाण घेतलं, तीळगूळ घेतला, "येतो" म्हणून गेली. नवरा सोमवारी तिच्याकडे गेला, नंतर तिला शेगावला घेऊन गेला, दोघंच. मी गाडीभाडं ठरवून दिलं. मला तिचं वाईट वाटतं. पण पुन्हा तीच वेळ आली तर मी पुन्हा ओठ मिटून कॅलेंडर पाहत उभी राहीन, हेही सांगून ठेवते.

तिकडे नागपुरात रविवारी अकरा वाजता खोली सोडायची होती. गाडी संध्याकाळची. मी पिशव्या भरल्या आणि खाली जाऊन वेळ वाढवून मागायची मनात तयारी करत होते: आधी एक वाजता म्हणायचं, मग अडून बसायचं. न्हाणीघरातून बाहेर आले तर नवरा खोलीत नव्हता. पाच मिनिटांनी वर आला आणि पलंगावर बसला.

"तीन वाजेपर्यंत राहा म्हने," तो म्हणाला.

मी थक्क झाले. "तुमी इचारलं? काय सांगतलं त्याले?"

"काय सांगाचं? म्हटलं, आमाले अजून थांबाचं हाय."

मी पिशव्या दारापाशी ठेवल्या आणि खिडकीचा पडदा सरकवला. ऊन आत आलं. आम्ही तीन वाजेपर्यंत थांबलो.